तीन मीटर चार सेंटिमीटर: रोमानोव्ह घराणं मुलांना कसं सांगावं

आधी सुंभ आणा. माडाच्या काथ्याचा, दोन पेडांचा, साडेचार मीटर. गोव्यात, पेडण्याच्या बाजारात मिळतो. नायलॉनची दोरी चालणार नाही, कारण तिचे पेड सुटत नाहीत आणि आपल्याला ते सोडून दाखवायचे आहेत.

मी एकतीस वर्षं पेडणे तालुक्यात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात गावच्या वाचनालयाच्या पडवीत पाच संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना एकच विषय सांगते. रशियावर राज्य केलेल्या रोमानोव्ह घराण्याचा विषय मुलांनीच काढला. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात रशियन पाहुणे हंगामभर राहतात, दुकानांच्या पाट्या त्यांच्या अक्षरांत असतात, कुणाच्या घरी खोल्या भाड्यानं दिलेल्या, कुणाचे बाबा टॅक्सी चालवतात. एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्याकडे उतरलेल्या ताईंचं नाव आनास्तासिया. त्या नावाची त्यांच्याकडे राजकन्या होती आणि तिला तळघरात मारलं म्हणतात. का मारलं?"

त्या "का"चं उत्तर देताना पहिल्या वर्षी माझी चूक झाली. मी तळघरापासूनच सुरुवात केली. दोन मुली रडायला लागल्या, मुलगे गप्प झाले, आणि उरलेल्या चार संध्याकाळी मी काहीही सांगितलं तरी सगळ्यांचं मन त्या खोलीतच अडकलेलं. मरण आधी सांगितलं की त्यामागचं राज्य दिसेनासं होतं. म्हणून माझा पहिला आग्रह हाच: तळघर शेवटच्या संध्याकाळी, आणि तेही पाच मिनिटं.

आता माप. मिखाईल रोमानोव्ह गादीवर आला १६१३ साली, निकोलस दुसरा पायउतार झाला १९१७ साली. ३०४ वर्षं. एका वर्षाला एक सेंटिमीटर धरा, म्हणजे तीन मीटर चार सेंटिमीटर. नवा सुंभ ताणला की लांबतो, म्हणून आदल्या दिवशी तो भिजवून, दोन माडांना ताणून बांधून वाळवा आणि मग मोजा. सुंभालाच गाठी मारू नका. मी मारल्या होत्या, आणि प्रत्येक गाठीत दोरी खाल्ली गेल्यामुळे सगळी सालं आपल्या जागेवरून सरकली. त्यापेक्षा जुन्या साडीच्या चिंध्या बांधा: राजांसाठी लाल, राण्यांसाठी पिवळ्या, शेतकऱ्यांसाठी हिरव्या. सुरुवातीला १५ सेंटिमीटर सोडा आणि तेवढ्या भागाचे पेड उलगडून मोकळे ठेवा. शेवटी मीटरभर शेपूट राहू द्या.

सुंभ पडवीच्या दोन खांबांना मुलांच्या छातीइतक्या उंचीवर बांधला की गोष्टीआधी त्यावर आपली सालं लावायची. हे चुकवू नका. १७ सेंटिमीटरवर शिवाजी महाराजांचा जन्म. ६१ वर राज्याभिषेक. ७० वर, म्हणजे १६८३ साली, संभाजी महाराजांनी फोंड्याच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज विजरईला (व्हाइसरॉयला) परतवलं. १७५ वर आपला पेडणे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला. इतकं झालं की मॉस्को परकं राहत नाही. पीटर द ग्रेट दहाव्या वर्षी गादीवर बसला १६८२ मध्ये, हे नुसतं सांगितलं तर मुलं विसरतात. फोंड्याच्या चिंधीच्या एकच बोट अलीकडे पीटरची चिंधी बांधली की विसरत नाहीत.

नावांची भीती पहिल्याच संध्याकाळी घालवा. रशियन नावांपुढे मोठी माणसंही हात टेकतात. मराठी मुलाला खरं तर ती सोपी जायला हवीत. आपण मधलं नाव बापाचं लावतो, तेही तसंच करतात. निकोलाय अलेक्सांद्रोविच म्हणजे अलेक्सांद्रचा मुलगा निकोलाय. मुलगी असेल तर शेवट बदलतो: तात्याना निकोलायेव्हना. प्रत्येक मुलाला आपलं नाव या पद्धतीनं लिहायला लावा, दहा मिनिटांत पडवी हसून भरते आणि मधलं नाव ओळखायचं कायमचं कळतं. मग एका ताटात तांदूळ पसरा. आपल्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव अंगठीनं तांदळात लिहितात, ते मुलींनी पाहिलेलं असतं. रशियाच्या राजघराण्यात लग्न होऊन येणाऱ्या जर्मन राजकन्या ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारत आणि त्यांचं नाव बदले. सोफी नावाची मुलगी येकातेरीना झाली. जग तिला कॅथरीन द ग्रेट म्हणतं. आलिक्स नावाची मुलगी अलेक्सांद्रा फ्योदोरोव्हना झाली. ती शेवटची सम्राज्ञी. दोन्ही नावं मुलींच्या हातानं तांदळात लिहून घ्या.

तिथीचा घोटाळाही तेव्हाच मिटवा. रशियात १९१८ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना होती, विसाव्या शतकात ती आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागं. म्हणूनच १९१७ ची, राजाला पायउतार करणारी फेब्रुवारी क्रांती आपल्या हिशेबानं मार्चमध्ये झाली. ज्या घरात एकाच भिंतीवर इंग्रजी तारीख आणि तिथी दोन्ही पाहतात, तिथल्या मुलांना यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही.

आता गोष्टीचा कणा. या घराण्याच्या गोष्टीत दोन प्रश्न आहेत आणि सुंभाला दोन पेड आहेत. एक पेड: पुढचा कोण? दुसरा पेड: जमीन कुणाची आणि राबणारा कुणाचा? राजवाड्यातली भांडणं पहिल्या पेडाची, शेतातली दुसऱ्याची. जो शिक्षक पहिलाच पेड सांगतो त्याच्या हाती चमचमीत कहाण्या राहतात आणि १९१७ हा अपघात वाटतो. जो दुसराच सांगतो त्याच्या गोष्टीत माणसं उरत नाहीत. दोन्ही पेड एकमेकांत पिळलेले दाखवायचे, याचसाठी सुंभ.

उलगडलेल्या १५ सेंटिमीटरपासून सुरू करा. १५९८ मध्ये जुन्या रुरिक घराण्याचा शेवटचा झार निपुत्रिक मेला. मग १५ वर्षं अंदाधुंदी: १६०१ ते १६०३ चा भीषण दुष्काळ, मॉस्कोत पोलिश फौज, आणि एकामागून एक तोतये. तोतया हा शब्द मुलांना द्या, तो शेवटपर्यंत लागणार आहे. आधीच मेलेला राजपुत्र दिमित्री "मीच" असं म्हणत एक जण आला आणि चक्क झार झाला. तो मारला गेला तर दुसरा दिमित्री उभा राहिला. गादीचा धनी कोण हे ठरलेलं नसलं की तोतया येतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला तो याच वाटेनं, हे मराठी मुलाला लगेच भिडतं.

१६१३ मध्ये मॉस्कोत मोठी सभा भरली. सरदार, धर्मगुरू, शहरातले लोक, कोसॅक (सीमेवरचे घोडेस्वार लढवय्ये), सगळ्यांचे प्रतिनिधी. त्यांनी निवडला सोळा वर्षांचा मिखाईल रोमानोव्ह. त्याचा बाप पोलंडच्या कैदेत होता. त्याची आत्येआजी आनास्तासिया ही इव्हान द टेरिबलची पहिली बायको, एवढंच काय ते जुन्या घराण्याशी नातं. मुलगा आईसोबत कोस्त्रोमाच्या इपातिएव्ह मठात लपला होता. प्रतिनिधी तिथं पोचले तेव्हा आईनं आधी नकारच दिला: एवढ्या मोडलेल्या राज्यावर कोवळं पोर बसवायचं? विनवण्या झाल्या, मग होकार आला. इथं जरा थांबा. मुलांकडून वदवून घ्या की या घराण्याचा पहिला राजा तलवारीनं आला नाही, लोकांच्या सभेनं त्याला बोलावून आणलं. आणि इपातिएव्ह हे नाव फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका.

३६ सेंटिमीटरवर पहिली हिरवी चिंधी. १६४९ च्या कायद्यानं शेतकरी जमिनीला कायमचा बांधला गेला; पळाला तर कितीही वर्षांनी शोधून धन्याकडे परत. हे सांगताना मी भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचा दाखला देते, कारण पडवीतल्या निम्म्या मुलांच्या आजोबांची घरं भाटकाराच्या जमिनीवर होती. भाटात राहायचं, राखण करायची, धनी उठ म्हणाला की कुठं जायचं ही धाकधूक. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं ती कमी झाली. पण दाखला तिथंच थांबवा आणि फरक स्पष्ट सांगा. रशियातला भूदास विकला जाई, कुटुंबापासून तोडून विकला जाई, पुढच्या शतकात तर वर्तमानपत्रांत त्याच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. आपलं दुःख त्यांच्यावर चिकटवू नये, त्यांचं आपल्यावर.

पीटरला एक अख्खी संध्याकाळ द्या, तो तेवढ्या मोलाचा आहे. मुलांना आवडतं ते आधी: सहा फुटांपेक्षा कितीतरी उंच, १६९७ मध्ये नाव लपवून हॉलंडला गेला आणि तिथल्या गोदीत सुतारांसोबत जहाज बांधायला शिकला. परत येऊन सरदारांच्या दाढ्या कापल्या, दाढी ठेवणाऱ्यावर कर बसवला. १७०३ मध्ये दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं, १७०९ मध्ये पोल्ताव्हाला स्वीडनचा पराभव केला, १७२१ मध्ये सम्राट ही पदवी घेतली. इतकं सांगून मग विचारा: ते शहर कुणी बांधलं? हिरवी चिंधी ९० सेंटिमीटरवर, राजाच्या चिंधीशेजारीच. वेठीला धरून आणलेले शेतकरी तिथल्या थंडीत आणि आजारात हजारोंनी मेले.

आणि पहिल्या पेडाची गाठ इथंच पडते. पीटरनं स्वतःच्या मुलाला, अलेक्सेईला, देशद्रोहाच्या आरोपाखाली कैदेत टाकलं. छळ झाला, मृत्युदंड ठोठावला गेला, आणि १७१८ मध्ये तो तुरुंगातच मेला. चार वर्षांनी पीटरनं कायदा केला की सम्राट आपल्या मर्जीनं वारस नेमेल. १७२५ मध्ये तो मेला, आणि वारस नेमलाच नव्हता. आता मुलांना सुंभाजवळ बोलवा. पीटरच्या नावावर ४३ सेंटिमीटर. पुढच्या ३७ सेंटिमीटरांत सहा चिंध्या: पहिली कॅथरीन, पीटर दुसरा, आन्ना, सहावा इव्हान, एलिझाबेथ, पीटर तिसरा. नावं पाठ करायला लावू नका. गर्दी डोळ्यांना दिसली की पुरे. कायदा मोडका असला की चिंध्या दाटीनं येतात. गादीवर कोण बसणार हे आता राजवाड्याच्या पहारेकरी पलटणी ठरवत. फक्त सहाव्या इव्हानचं थोडं सांगा: दोन महिन्यांचा असताना सम्राट झाला, सुमारे वर्षभरानं पदच्युत, आणि तेविसाव्या वर्षी मारला जाईपर्यंत आयुष्य बंदिवासात. या पोराबद्दल सांगताना माझा आवाज अजून दाटतो, आणि तो मी लपवत नाही.

१४९ वर तांदळातली सोफी. नवऱ्याला, तिसऱ्या पीटरला, पदच्युत करून ती गादीवर बसली. तो काही दिवसांतच कैदेत मेला. तिनं ३४ वर्षं राज्य केलं, क्रिमिया घेतला, पोलंडच्या तीनही वाटण्यांत हिस्सा घेतला, युरोपातल्या विचारवंतांशी पत्रव्यवहार केला. १६० वर हिरवी चिंधी मात्र सर्वांत जाड बांधा. १७७३ मध्ये पुगाचोव्ह नावाचा कोसॅक "मीच तो मेलेला पीटर" म्हणत उठला आणि हजारो भूदास त्याच्यामागं गेले. पुन्हा तोतया! १७७५ च्या जानेवारीत मॉस्कोत त्याला मारलं. पुण्यात भाऊंच्या तोतयाला देहदंड झाला तो १७७६ मध्ये. दोन चिंध्या शेजारी शेजारी. मला या विषयात सगळ्यात प्रिय जागा हीच. फक्त एक फरक मुलांपुढे ठेवा: पुगाचोव्हला लोक का मानत होते? त्यानं त्यांना जमीन आणि सुटका देऊ केली होती. दोन्ही पेड एकाच माणसात पिळले गेले ते इथं.

कॅथरीनच्या मुलानं, पावेलनं, १७९७ मध्ये वारसाचा नवा कायदा केला: थोरला मुलगा, मग त्याचा मुलगा, घराण्यात पुरुष असेपर्यंत बाईला गादी नाही. आईवरचा राग कायद्यात उतरला. चार वर्षांनी पावेललाही त्याच्याच शयनगृहात मारलं. या कायद्याची चिठ्ठी लाल शाईनं लिहा, १८४ सेंटिमीटरवर. १२० सेंटिमीटर पुढं ती पुन्हा लागणार आहे.

पुढचा भाग भराभर घ्या. नेपोलियन १९९ वर, जळालेलं मॉस्को, दोन वर्षांनी पॅरिसमध्ये शिरलेला पहिला अलेक्झांडर. २१२ वर पहिल्या निकोलसच्या पहिल्याच दिवशी चौकात उभे राहिलेले बंडखोर अधिकारी. मुलांना लढाई ऐकायची असते, पण लढाईत रमलात तर २४८ ला पोचणार नाही.

२४८ म्हणजे १८६१. दुसऱ्या अलेक्झांडरनं खासगी मालकीचे सुमारे २ कोटी ३० लाख भूदास मुक्त केले. हे मनापासून मोठं काम होतं, तसंच सांगा. आणि मग हप्त्याचा हिशेब मांडा: मिळालेल्या जमिनीची किंमत शेतकऱ्यानं सरकारला ४९ वर्षं फेडायची होती. फळ्यावर बेरीज करून घ्या, १८६१ अधिक ४९. नातवानं आजोबाची सुटका फेडायची. सरकारनं १९०७ पासून उरलेले हप्ते माफ केले ते १९०५ च्या उठावानंतर. ज्यानं सुटका दिली त्या अलेक्झांडरला १८८१ मध्ये क्रांतिकारकांनी बॉम्बनं मारलं. मुलानं, तिसऱ्या अलेक्झांडरनं, त्यातून सैल सोडू नये हाच धडा घेतला.

शेवटचे २३ सेंटिमीटर सावकाश. निकोलस दुसरा युवराज असताना १८९० मध्ये मुंबईत उतरला होता, म्हणजे आपल्यापासून फार लांब नव्हता. घरात प्रेमळ, बायकोवर जीव, मुलांत रमणारा. त्याला राक्षस करू नका, संतही करू नका. १९०५ च्या जानेवारीत अर्ज घेऊन राजवाड्याकडे निघालेल्या कामगारांवर सैन्यानं गोळ्या घातल्या. राजा त्या दिवशी शहरात नव्हता, पण लोकांनी त्याच्याच नावावर मांडलं. संप, दंगे, जपानशी हरलेलं युद्ध. शेवटी त्यानं दूमा, म्हणजे लोकप्रतिनिधींचं सभागृह, दिलं. पहिली दूमा अडीच महिन्यांत बरखास्त केली. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपल्या हातात असलेल्या वस्तूची आहे; २९२ वर दोन्ही पेड बोटांनी थोडे सोडा आणि हात काढून घ्या. ते पुन्हा आवळतात.

रास्पुतिन येईलच, मुलांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. त्याला त्याच्या जागी ठेवा. चार मुलींनंतर १९०४ मध्ये मुलगा झाला, अलेक्सेई, आणि त्याला रक्त न गोठण्याचा आजार. पावेलच्या लाल चिठ्ठीकडे बोट दाखवा: ओल्गा, तात्याना, मारिया, आनास्तासिया, चौघी धडधाकट, पण गादी त्यांना नाही. आईची सगळी आशा त्या एका पोरात, आणि पोराला आराम पडतो असं वाटलं म्हणून तो साधू घरात आला. एवढं सांगितलं की रास्पुतिन कळतो. राज्य मात्र त्याच्यामुळे पडलं नाही. महायुद्धात लाखो शेतकरी मेले, १९१५ मध्ये राजा स्वतः सेनापती होऊन आघाडीवर गेला म्हणून प्रत्येक पराभव त्याच्या कपाळी आला, आणि राजधानीत पावाच्या रांगा लागल्या.

३०४. मार्च १९१७, प्स्कोव्ह स्टेशनात उभी असलेली आगगाडी. निकोलसनं आधी मुलासाठी गादी सोडायचं ठरवलं, मग आजारी पोराला दूर करवेना म्हणून त्याच दिवशी विचार बदलून धाकट्या भावाचं नाव लिहिलं. भावाचं नाव मिखाईल. आणि मिखाईल दुसऱ्या दिवशी म्हणाला की लोकांनी निवडलेल्या संविधान सभेनं बोलावलं तरच मी गादी घेईन. मुलांना सुंभाच्या पहिल्या टोकाकडे पाठवा. सोळा वर्षांचा मिखाईल, मॉस्कोची सभा. ती सभा या वेळी बोलावायला आली नाही. १९१८ च्या जानेवारीत जेमतेम एक दिवस भरली आणि तोवर सत्ता घेतलेल्या बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, ती मोडली.

आता तळघर. २९७ वरच्या आपल्या चिंधीपासून सुरुवात करा: १९१० मध्ये लिस्बनचा राजा मानुएलही गादीवरून गेला, गोव्यातल्या हिंदूंना त्यानंतरच बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, आणि राजा इंग्लंडला जाऊन राहिला. निकोलसच्या कुटुंबालाही इंग्लंडनं आधी आसरा देऊ केला होता. निकोलसचा मावसभाऊ, तिथला राजा पाचवा जॉर्ज, मागं सरला. १६-१७ जुलै १९१८ ची रात्र, येकातेरिनबुर्ग, बोल्शेविकांची कैद. घराच्या मालकाचं आडनाव फळ्यावर पहिल्या दिवसापासून आहे: इपातिएव्ह. मुलं स्वतःच ओरडतात, तुम्ही गप्प राहा. मग अकरा नावं वाचा. निकोलस, अलेक्सांद्रा, ओल्गा, तात्याना, मारिया, आनास्तासिया, अलेक्सेई, आणि त्यांच्यासोबत राहिलेले डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोव्हा, स्वयंपाकी खारितोनोव्ह, सेवक त्रुप. नोकरांची नावं गाळू नका. रक्ताचं वर्णन नको, मी ते कधीच करत नाही.

शेपटाचा उपयोग यानंतर. आनास्तासिया वाचली असं सांगत युरोपात तोतया उभी राहिली, तिसऱ्यांदा तोच शब्द. १९९४ मध्ये डीएनए तपासणीनं ते खोटं ठरलं. १९९८ मध्ये राजाराणी आणि तीन मुलींचं सेंट पीटर्सबर्गला दफन झालं, ३८५ सेंटिमीटर. उरलेल्या दोन मुलांचे अवशेष २००७ मध्ये सापडले, ३९४. आमचं १९६१, गोवा मुक्त झाला ते साल, येतं ३४८ वर. मुलं मग आपापलं जन्मसाल मोजून चिंधी बांधतात, बहुतेकांची ३९४ च्या पुढं दोन-चार बोटांवरच पडते. ज्या मुलीनं पहिल्यांदा विचारलं होतं, तिनं आपली चिंधी बांधून झाल्यावर मागं वळून ३०५ पर्यंतचं अंतर वितीनं मोजलं होतं.

जूनच्या आत सुंभ खांबांवरून उतरवा. पावसाची हवा लागली की लाल चिंधीचा रंग काथ्यात उतरतो आणि हिरव्या-लाल चिंध्या ओळखू येत नाहीत. चिठ्ठ्या सोडवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि सुंभ गुंडाळण्याआधी सुरुवातीचं मोकळं टोक दोऱ्यानं बांधा, नाहीतर पुढच्या मेपर्यंत ते १५ सेंटिमीटर वाढून पीटरपर्यंत उलगडलेलं असतं.